भयानक रस आणि पडद्यावरील राक्षस

सुशिक्षित कुटुंबांत चित्रपटांविषयीं बोलणें निघालें म्हणजे एक वर्गवारी न सांगतां गृहीत धरलेली असते. सामाजिक, चरित्रात्मक व पौराणिक चित्रपट वरच्या पंक्तीस बसतात. आणि मारामारीचे, भुताखेतांचे, राक्षसांचे व परग्रहांवरील प्राण्यांचे चित्रपट मुलांनीं पाहावे व वडील मंडळींनीं फार तर सोबतीस जावें, अशी समजूत असते. ही समजूत अगदींच निराधार आहे असें आमचें म्हणणें नाहीं. या जातीचे बहुतेक चित्रपट टाकाऊच असतात. परंतु बहुतेक सामाजिक चित्रपटहि टाकाऊच असतात, आणि तेवढ्यावरून ती सारी जात हलकी असें कोणी म्हणत नाहीं. कोणत्याहि वाङ्मयप्रकाराची योग्यता त्यांतील उत्तम कृतींवरून ठरवावी, हा न्याय काव्यनाटकांस आपण नेहमीं लावतों. तोच या उपेक्षित प्रकारास लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

भय ही मुळांत नकोशी भावना. वाघ समोर आला असतां कोणासहि आनंद होत नाहीं. मग खोटा वाघ पाहण्याकरितां मनुष्य पदरचे पैसे खर्चून रांगेंत कां उभा राहतो? हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत भयानक हा स्वतंत्र रस मानला आणि भय हा त्याचा स्थायिभाव सांगितला. पुढें सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं काश्मीरांत अभिनवगुप्तांनीं त्या ग्रंथावर टीका लिहितांना शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील पळत्या हरिणाचें उदाहरण घेतलें. त्यांच्या विवेचनाचें तात्पर्य असें कीं, त्या प्रसंगीं प्रेक्षकास येणारी प्रतीति ‘मी भ्यालों’ अशी नसते, आणि ‘कोणी परका भ्याला’ अशीहि नसते. स्थळ, काळ व व्यक्ति यांचीं बंधनें सुटतात आणि भयच जणूं मूर्तिमंत होऊन डोळ्यांपुढें उभें राहतें.

या उदाहरणांतील एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. प्रसंगांत राजा आहे, रथ आहे, चढविलेलें धनुष्य आहे. परंतु कवीची दृष्टि खिळली आहे ती हरिणावर. भय उत्पन्न करणारा कितीहि प्रचंड असला, तरी रसाचें ठाणें भ्यालेल्याच्या ठिकाणीं असतें. राक्षसांच्या चित्रपटांची परीक्षा करतांना आम्ही हीच कसोटी वापरणार आहों. राक्षस केवढा आहे हें पाहावयाचें नाहीं. हरिण दिसतें कीं नाहीं, हें पाहावयाचें.

अद्भुताची हौस आपल्या चित्रपटांत आरंभापासूनच आहे. फाळक्यांनीं १९१७ सालीं ‘लंकादहन’ आणि १९१९ सालीं ‘कालियामर्दन’ पडद्यावर आणले, तेव्हां मारुतीचें उड्डाण व कालियाच्या फणा पाहून लोक थक्क झाले. परंतु तेथें भक्ति प्रधान होती व भय तिच्या सेवेस होतें. लंका जळत असतां प्रेक्षक मारुतीच्या बाजूस असतो. लंकेंतील घरांत कोण राहत होतें हा विचार त्याच्या मनांत येत नाहीं, आणि त्या कथेंत तो यावा अशी अपेक्षाहि नसते. भयालाच प्रधानपद देणारे पहिल्या प्रतीचे चित्रपट निपजले ते पहिल्या महायुद्धांत हरलेल्या जर्मनींत. रोबेर्ट वीने यांचा ‘डॉक्टर कालिगारी’ १९२० सालचा. त्यांतील वांकड्यातिकड्या रंगविलेल्या भिंतींमध्यें सारी सृष्टीच वेडावल्यासारखी भासते. मुर्नौ यांचा ‘नोस्फेरातू’ १९२२ सालचा. ब्राम स्टोकरच्या कादंबरीवरून तो परवानगीवांचून काढला, म्हणून ग्रंथकाराच्या विधवेनें दावा लावला, आणि त्याच्या सर्व प्रती नष्ट कराव्या असा न्यायालयाचा हुकूम झाला. सुदैवानें कांहीं प्रती हुकमांतून निसटल्या. नाहीं तर एक उत्कृष्ट कृति आपण केवळ ऐकूनच जाणली असती.

पुढील मोठा टप्पा अमेरिकेचा. मेरी शेली या तरुणीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून जेम्स व्हेल या दिग्दर्शकानें १९३१ सालीं चित्रपट काढला. व्हेल स्वतः महायुद्धांत लढलेला व शत्रूच्या कैदेंत राहिलेला होता. प्रेतांचे अवयव जोडून निर्माण केलेला तो मुका राक्षस बोरिस कार्लोफ या नटानें उभा केला. चित्रपटाच्या आरंभींच्या नामावळींत त्याच्या नांवाच्या जागीं केवळ प्रश्नचिन्ह छापलें होतें. या चित्रपटांत तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. एक लहान मुलगी राक्षसास न भितां त्याच्याबरोबर पाण्यांत फुलें सोडण्याचा खेळ खेळते. फुलें संपतात, आणि मुलगीहि फुलाप्रमाणें तरंगेल अशा भाबड्या समजुतीनें तो तिला पाण्यांत टाकतो. हा शेवट फार क्रूर वाटून अनेक ठिकाणीं तो कापण्यांत आला. परिणाम मात्र उलट झाला. राक्षसाचे हात मुलीकडे वळतात व तेथेंच चित्र तुटतें. पुढें बाप मुलीचें प्रेत घेऊन येतो. मध्यें काय घडलें याविषयीं प्रेक्षकाच्या मनांत मूळ प्रसंगाहून कितीतरी भयंकर तर्क येऊं लागले. अज्ञानानें घडलेला अपघात कात्रीनें बुद्धिपुरस्सर केलेलें पाप झाला. तो तुकडा पुन्हां जोडला जाण्यास सुमारें पन्नास वर्षें लागलीं. करुण काढून टाकला असतां भयानकाचा बीभत्स होतो, याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९३३ सालच्या ‘किंग काँग’ या चित्रपटांतहि शेवटीं राक्षसच हरिण होतो. मेरियन कूपर व अर्नेस्ट शूडसॅक या जोडीनें तो काढला आणि विलिस ओब्रायन या कारागिरानें सुमारें दीड फूट उंचीच्या बाहुल्या एकेक चित्रागणिक किंचित् किंचित् हलवून त्यांतून महाकाय वानर निर्माण केला. बेटावरील रहिवासी त्यांत केवळ रानटी घोळक्याप्रमाणें रंगविले आहेत. हा दोष ‘त्या काळची रीत’ म्हणून आम्ही झांकणार नाहीं. परंतु न्यूयॉर्कच्या सर्वांत उंच इमारतीवर चढलेल्या त्या प्राण्यास विमानें टिपूं लागतात, तेव्हां प्रेक्षकाचें मन विमानांच्या बाजूस राहत नाहीं. त्याचा प्राण घेणाऱ्या विमानांत खुद्द कूपर व शूडसॅक हेच वैमानिक म्हणून बसले होते. हा चित्रपट जपानांत पाहून एक तरुण छायालेखक भारला गेला. त्याचें नांव एइजी त्सुबुराया. या तरुणाच्या हातून पुढें जें घडलें तोच आमच्या मतें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत गंभीर अध्याय होय.

१ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या सुमारें अडीचपट, म्हणजे दीड कोटि टन स्फोटकांइतकी, त्याची शक्ति निघाली. हिरोशिमावरील बाँबच्या ती जवळजवळ हजारपट होती. धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या सीमेबाहेर जपानची एक मासेमारी नौका होती. ‘पांचवें भाग्यशाली नागजहाज’ असा तिच्या नांवाचा अर्थ. तिच्यावरील २३ खलाशांच्या अंगावर कित्येक तास पांढरी राख पडत राहिली. नौका बंदरास लागली तेव्हां सर्वजण किरणोत्साराच्या विकारानें पछाडलेले होते. बाजारांतील मासळी विषारी निघूं लागली व टनावारी फेंकून द्यावी लागली. नौकेवरील बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा हे २३ सप्टेंबर रोजीं मरण पावले. टोकियोच्या सुगिनामी विभागांतील गृहिणींनीं बाँबविरुद्ध सह्या गोळा करण्याची चळवळ चालविली, आणि वर्षासव्वावर्षांत साऱ्या देशांतून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. मासळीची पाटी घेऊन स्वयंपाकघरांत उभ्या असलेल्या बायकांनीं एवढी मोठी चळवळ उभी केली, हें आपल्या वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें.

याच सात आठ महिन्यांत तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ हा चित्रपट लिहिला गेला, काढला गेला आणि ३ नोव्हेंबर १९५४ रोजीं प्रदर्शित झाला. गोरिला व ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा या दोन शब्दांच्या संकरांतून हें नांव आलें. मराठी कानास तें एखाद्या लाडक्या बाळाचें वाटावें ही निव्वळ गंमत. पण ही गंमत पुढें कशी खरी ठरली तें लवकरच दिसेल. दिग्दर्शक इशिरो होंडा तीन वेळां सैन्यांत ओढले गेले होते, आणि १९४६ सालीं चीनमधून मायदेशीं परततांना त्यांनीं हिरोशिमाचें उजाड झालेलें रान डोळ्यांनीं पाहिलें होतें. युद्धानंतर देश परक्यांच्या ताब्यांत असतां अणुबाँबविषयीं मोकळेपणीं लिहिण्याबोलण्यास कांहीं वर्षें प्रतिबंध होता. तें बोलणें अखेर एका राक्षसाच्या तोंडून बाहेर पडलें.

कथा थोडक्यांत अशी. समुद्रांत एका नौकेवर अकस्मात् लखलखाट होतो व ती जळून बुडते. बाँबच्या चाचण्यांमुळें समुद्रतळावरील आपल्या आश्रयांतून उठलेला एक पुरातन प्राणी किनाऱ्यास येतो आणि टोकियो शहराची राख करतो. या सांगाड्यांत नवें कांहीं नाहीं; आदल्याच वर्षीं अमेरिकेंत अशाच धर्तीचा एक चित्रपट निघाला होता. नवें आहे तें हरिण. आगगाडींतील एक तरुणी सहज बोलतां बोलतां सांगते कीं, नागासाकींतून आपण कशाबशा वांचलों. विधिमंडळाच्या समितींत सत्य प्रसिद्ध करावें कीं लोक घाबरतील म्हणून दडपावें यावर भांडण जुंपतें, आणि तें दडपूं नये म्हणून सर्वांत मोठ्यानें ओरडतात त्या सभासद स्त्रिया. जळत्या रस्त्याच्या कडेला एक आई मुलांना पोटाशीं धरून, आतां आपण लवकरच तुमच्या वडिलांकडे जाऊं, अशी त्यांची समजूत घालीत बसलेली असते. युद्धांत मेलेला तो बाप कोण, हें जपानी प्रेक्षकांस सांगावें लागत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं इस्पितळांत एका लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजण्याचें यंत्र धरतात. यंत्र कडकडूं लागतें, आणि धरणारा नुसती मान हलवितो. १० मार्च १९४५ च्या एका रात्रींत टोकियोमध्यें आगींत सुमारें एक लाख माणसें मेलीं होतीं. साडेनऊ वर्षांनीं त्याच शहरांतील लोक तिकिटें काढून हें पाहावयास बसले होते.

कारागिरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. बाहुली हलवून चित्रें घेण्यास लागणारा वेळ नव्हता, म्हणून त्सुबुराया यांनीं माणसालाच राक्षसाचा पोशाख घातला. पहिला पोशाख सुमारें १०० किलो भरला. हारुओ नाकाजिमा हा नट त्यांत दिव्यांच्या उष्णतेंत कांहीं मिनिटेंच टिके व कित्येकदां घेरी येऊन पडे. भोंवतीं पंचविसांश प्रमाणाचें शहर बांधलें होतें, आणि छायालेखनाचा वेग वाढवून राक्षसाच्या चालीस जडपणा आणला होता. अकिरा इफुकुबे या संगीतकारानें सैल केलेल्या मोठ्या तंतुवाद्याच्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढून त्याची डरकाळी काढली. कळकट रबराचा तो प्राणी आज पाहतांना क्वचित् हंसूं येतें, हें खरें. परंतु रात्रींच्या काळोखांत, ज्वाळांच्या पाठभूमीवर, त्याच्या मंद चालीमध्यें जो अटळपणा आहे तो आजच्या गणकयंत्रांनीं रेखाटलेल्या शेंकडों राक्षसांत आम्हांस आढळत नाहीं.

चित्रपटाचा खरा नायक डॉक्टर सेरिझावा. युद्धांत एक डोळा गमावलेल्या या शास्त्रज्ञास संशोधन करतां करतां पाण्यांतील प्राणवायु नष्ट करून सर्व जीव विरघळविणारें एक द्रव्य सांपडलें आहे. राक्षसास मारण्याचा तेवढाच उपाय उरतो. परंतु तें एकदां वापरलें कीं राज्यकर्ते आपल्याकडून त्याचें शस्त्र करवून घेतल्याखेरीज राहणार नाहींत, हें तो जाणतो. अखेर शाळेंतील मुलींची शांतिप्रार्थना ऐकून तो सारे कागद जाळतो, द्रव्य घेऊन स्वतः समुद्राच्या तळाशीं जातो, सोबत्यास वर पाठवितो आणि आपली दोरी आपणच कापून घेतो. कारण कागद जळाले तरी विद्या त्याच्या डोक्यांत शिल्लक होती. फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीपासून पळाला. सेरिझावा तिच्यासह बुडाला. आपल्या दधीचीनें शस्त्र व्हावें म्हणून अस्थि दिल्या. या आधुनिक ऋषीनें शस्त्र उरूं नये म्हणून देह दिला. हा विचार ज्या चित्रपटांत आहे त्यास पोरखेळ म्हणण्याचें धाडस आम्हांस तरी होत नाहीं.

तथापि त्या वेळीं जपानांतील कांहीं टीकाकारांनीं असा आक्षेप घेतला कीं, देशाच्या ताज्या जखमेचा हा व्यापार आहे. कुबोयामांच्या मृत्यूस दोन महिनेहि झाले नव्हते. अशा वेळीं त्या दुःखाचें रबरी सोंग काढून तिकिटें विकावीं काय? या आक्षेपास झटकून टाकतां येत नाहीं. पहिल्या प्रदर्शनांत सुमारें ९६ लक्ष तिकिटें खपलीं, आणि त्यांतून कंपनीस नफा झाला, हें खरेंच आहे. आमचें उत्तर इतकेंच कीं, दुःखाचा व्यापार झाला कीं नाहीं हें नफ्यावरून ठरत नाहीं; मेलेल्यांकडे पाहण्याच्या रीतीवरून ठरतें. ‘गोजिरा’ मेलेल्यांवरून नजर वळवीत नाहीं आणि त्यांच्याकडे टक लावूनहि बघत नाहीं. विजय झाल्यावरहि पात्रें टोप्या काढून मुकाट उभीं राहतात, आणि वृद्ध शास्त्रज्ञ यामाने अशी भीति बोलून दाखवितात कीं, चाचण्या चालूच राहिल्या तर जगांत कोठें तरी दुसरा गोजिरा उठेल.

हा आक्षेप कोणास लागू पडतो, तें दोन वर्षांनीं दिसलें. १९५६ सालीं हा चित्रपट अमेरिकेंत दाखवितांना त्यांत रेमंड बर या नटाची भूमिका असलेल्या एका वार्ताहराचे नवे प्रसंग घुसडले गेले, आणि ९६ मिनिटांचा चित्रपट ८० मिनिटांचा झाला. नागासाकीचा उल्लेख गेला. शेवटची सूचना गेली. राखेमागचा हात दिसेनासा झाला. उरला तो शहर मोडणारा एक प्रचंड सरडा. बहुतेक पाश्चात्त्य जगानें कित्येक वर्षें हेंच रूप पाहिलें. मूळ चित्रपट अमेरिकेंतील चित्रगृहांत रीतसर लागला तो २००४ सालीं. ‘फ्रँकेन्स्टाइन’वर कात्री चालली ती भित्र्या सभ्यतेची, येथें चालली ती सोयीच्या विस्मृतीची. दोन्हीकडे कापला गेला तो करुणच.

पुढील इतिहास लवकर सांगण्यासारखा आहे. जपानी कंपनीनेंहि आपल्या राक्षसाचें तेंच केलें. १९६२ सालीं त्याची किंग काँगशीं कुस्ती लावली. १९६४ पासून तो इतर राक्षसांपासून पृथ्वीचें रक्षण करूं लागला. आणि पुढील दहा वर्षांत तो मुलांचा सवंगडी होऊन मराठी अर्थानें खरोखरच गोजिरा झाला. परंतु देशावर संकट आलें कीं त्याचें मूळ रूप परत येतें. २०११ सालच्या भूकंपानंतर व फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्राच्या अपघातानंतर, २०१६ सालीं ‘शिन गोजिरा’ निघाला. त्यांत राक्षसापेक्षां सरकारी बैठकीच अधिक भयंकर आहेत. राक्षस शहरांत शिरला तरी हुकूम कोणीं द्यावा याची टिपणें एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत राहतात. २०२३ सालच्या ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गोजिरा उणे एक’मध्यें आत्मघातकी वैमानिक होण्याचें नाकारून परतलेला तरुण नायक आहे, आणि मरण्यापेक्षां जगणें कठिण व थोर असा त्याचा निष्कर्ष आहे. दृश्यचमत्कारांबद्दलचें अमेरिकेचें ऑस्कर पारितोषिक त्यास २०२४ सालीं मिळालें; जपानी चित्रपटास तें प्रथमच मिळालें. कारागिरीचा हा गौरव योग्यच आहे. पण आम्हांस तो चित्रपट आवडला तो युद्धानंतरच्या झोंपडींत आपलें नसलेलें मूल वाढविणाऱ्या माणसांमुळें.

साहसपटांसहि हीच कसोटी लागते. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोननें १९३५ सालीं ‘हंटरवाली’ काढला तेव्हां सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं; आणि संस्थेचे एक चालक जे. बी. एच. वाडिया स्वतः एम. ए., एलएल. बी. होते. ऑस्ट्रेलियांत जन्मलेली मेरी इव्हान्स म्हणजेच नादिया त्यांत घोडे उधळी, उंचावरून उड्या टाकी. आणि १९३६ सालच्या ‘मिस फ्रंटियर मेल’मध्यें तर धांवत्या आगगाडीच्या टपावर ती लढली. तें सारें ती स्वतःच्या देहानें करी. त्या देहास लागेल, तो पडेल, ही धास्ती प्रेक्षकाच्या छातींत असे. म्हणूनच तिचा विजय त्याला आपला वाटे. २०१५ सालच्या ‘मॅड मॅक्स: फ्यूरी रोड’ या चित्रपटांतील वाळवंटांतील पाठलाग बव्हंशीं खऱ्या गाड्या व खरीं माणसें घेऊन रचला आहे. त्याचे दिग्दर्शक जॉर्ज मिलर हे शिक्षणानें डॉक्टर. गाडी आपटली म्हणजे हाडांचें काय होतें हें ते रुग्णालयांत शिकले होते, आणि तें ज्ञान पडद्यावर जाणवतें. उलट २०१३ सालच्या ‘मॅन ऑफ स्टील’च्या शेवटीं दोन बलाढ्य वीर लढत असतां एकेक गगनचुंबी इमारत कोसळते, आणि तींत कोणी होतें कीं नव्हतें याची चौकशी चित्रपट जवळजवळ करीत नाहीं. तेथें लंकादहन आहे, पण मारुति नाहीं आणि भक्तीहि नाहीं. अशा दृश्यांनीं मुलें भितील ही चिंता आम्हांस वाटत नाहीं. तीं भीत नाहींत हीच चिंता वाटते.

म्हणून या चित्रपटांस सरसकट घराबाहेर ठेवणें आम्हांस मान्य नाहीं आणि सरसकट घरांत घेणेंहि मान्य नाहीं. रक्त किती सांडलें व राक्षस केवढा, हे निवडीचे निकष नव्हत. ज्याच्या अंगावर भिंत पडली त्याला तोंड आहे काय, नांव आहे काय, मागें रडणारें कोणी आहे काय, एवढें वडिलांनीं पाहावें. १९५४ सालचा कृष्णधवल ‘गोजिरा’, काटछांट न केलेल्या मूळ रूपांत, जाणत्या मुलांनीं आईबापांबरोबर एकदां अवश्य पाहावा. रबराचा पोशाख पाहून मुलें आरंभीं हंसतील. त्यांस हंसूं द्यावें. इस्पितळांतील त्या लहान मुलाजवळ यंत्र कडकडूं लागेल तेव्हां तीं हंसावयाचीं थांबतील, आणि तें यंत्र काय मोजतें असें विचारतील. त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास वडिलांनीं बिकिनी, नागासाकी व सुगिनामीच्या गृहिणी यांची हकीकत ठाऊक करून घ्यावी, म्हणजे झालें.